ओंटॅरिओच्या हायस्कूलमधले 40 तास: नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात मूल नववीत गेलं की थोड्याच दिवसांत 'व्हॉलंटियर अवर्स' हा शब्द घरी येतो. भारतातून नुकतेच आलेले आईवडील तो ऐकतात आणि बाजूला ठेवतात. नवी शाळा, नवे विषय, घरभाडं, नोकरी यांच्या गर्दीत समाजसेवेचे तास हे 'जमलं तर करू' असं काहीतरी वाटतं. पण ते तसं नाही. हायस्कूलचा डिप्लोमा हाती पडायला 30 क्रेडिट (विषय पुरा केल्यावर मिळणारं एकक) लागतात, साक्षरतेची अट पुरी करावी लागते, आणि त्यांच्याच बरोबरीने बिनपगारी समाजसेवेचे 40 तास लागतात. सगळे विषय उत्तम गुणांनी सुटले आणि तास 36 च भरले, तर डिप्लोमा अडतो. गुण जास्त आहेत म्हणून तास माफ होत नाहीत. कोविडच्या काळात ही अट काही काळ 20 तासांवर आणली होती. त्यामुळे ओळखीतल्या एखाद्या मोठ्या मुलाने 'वीसच पुरतात' असं सांगितलं, तर तो खोटं बोलत नसतो, पण ती सवलत आता राहिलेली नाही.

ज्या आईवडिलांनी महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेजला किंवा कॉलेजला एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) केलं आहे, त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. तिथे दोन वर्षांत 240 तास आणि एक निवासी शिबिर असतं. पण एनएसएसमध्ये गाव कॉलेज ठरवतं, काम कार्यक्रम अधिकारी ठरवतात, हजेरीही तेच लावतात. ओंटॅरिओत यातलं काहीच शाळा करत नाही. जागा मुलाने शोधायची, परवानगी मुलाने विचारायची, तासांची नोंद मुलाने ठेवायची आणि सही मुलाने आणायची. शाळा नियम सांगते आणि शेवटी तपासते. मधलं सगळं मुलावर असतं, आणि नव्या कुटुंबांची गाडी नेमकी याच मधल्या भागात अडते.

तास केव्हापासून धरतात

आठवी संपली की त्या उन्हाळ्यापासून केलेले तास धरता येतात. म्हणजे नववीचं पहिलं पाऊल टाकण्याआधीच सुट्टीचे दोन महिने हाताशी असतात. हिशेब करून बघा: चार वर्षांत 40 तास म्हणजे वर्षाला 10, म्हणजे शाळेच्या महिन्यात फार तर एक तास. इतकी सोपी गोष्ट बारावीच्या एप्रिलमध्ये अवघड होऊन बसते, कारण तोवर प्रत्येकाने ती पुढे ढकललेली असते. वसंतात वाचनालयं आणि फूड बँका (गरजूंना फुकट अन्नधान्य देणाऱ्या संस्था) यांच्याकडे बारावीच्या मुलांचे अर्ज एकदमच येऊन पडतात, आणि प्रत्येक संस्थेत कामाच्या पाळ्या मोजक्याच असतात. आमचा सरळ सल्ला असा आहे: नववी आणि दहावीतच 40 तास संपवा. अकरावी-बारावीचे विषय जड असतात, विद्यापीठांचे अर्ज असतात, आणि अनेक मुलं तेव्हा पार्ट-टाइम नोकरीही धरतात.

काम शाळेच्या तासांबाहेरचं हवं. संध्याकाळ, शनिवार-रविवार, मार्च ब्रेक, उन्हाळा हे सगळं चालतं. शाळेच्या दिवशीसुद्धा मधल्या सुट्टीत किंवा मोकळ्या पिरियडमध्ये, ज्याला मुलं 'स्पेअर' म्हणतात, केलेलं काम धरतात. वर्गाच्या वेळेत, शिक्षकांच्या परवानगीने केलेलं असलं तरी, धरत नाहीत.

कुठली कामं धरत नाहीत

प्रांताच्या शिक्षण खात्याने न चालणाऱ्या कामांची यादी घालून दिली आहे आणि प्रत्येक स्कूल बोर्ड (त्या-त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणारी संस्था) तिच्यात स्वतःची भर घालतं. पील डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्डाची यादी आणि टोरोंटो डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्डाची यादी शब्दाला शब्द सारखी असेल असं धरून चालू नका. कॅथलिक बोर्डांची पुन्हा वेगळी. आपल्या बोर्डाच्या संकेतस्थळावरून यादी उतरवून घ्या आणि फ्रिजवर लावा. तिच्यातल्या ज्या कलमांवर आपल्या मुलांचे तास हमखास वाया जातात, ती अशी.

घरातली रोजची कामं धरत नाहीत. धाकट्या भावाला सांभाळणं, आजीला डॉक्टरकडे नेणं, स्वतःच्या अंगणातला बर्फ काढणं हे कर्तव्य म्हणून मोलाचं आहे, पण इथे ते मोजलं जात नाही. स्वतःच्या आवडीचा खेळ किंवा छंदही नाही.

पगारी माणसाच्या जागी केलेलं काम धरत नाहीत. ओळखीच्या किराणा दुकानात किंवा रेस्टॉरंटमध्ये 'फुकट मदत' म्हणून उभं केलेलं मूल खरं तर एका कामगाराची जागा भरत असतं. दुकानमालकाने सही दिली तरी शाळा ती नाकारते, आणि ते योग्यच आहे.

ज्या विषयाचं क्रेडिट मिळतं त्याचाच भाग असलेलं काम, उदाहरणार्थ को-ऑपची प्लेसमेंट (क्रेडिटसाठी शाळेबाहेर कामाच्या जागी घेतलेला अनुभव), इथे पुन्हा मोजता येत नाही.

वाहन चालवणं, विजेवर किंवा इंजिनावर चालणारी हत्यारं, परांची हे सगळं बंद. याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा: शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या घरापुढचा बर्फ फावड्याने काढला तर बोर्डाला विचारून तास मिळू शकतात, पण तोच बर्फ स्नोब्लोअरने काढला तर नाही. उन्हाळ्यात लॉन मोअरची हीच गोष्ट. गोळा केलेलं धान्य फूड बँकेत पोचवताना गाडी आईने किंवा बाबांनी चालवायची, मुलाकडे लायसन्स असलं तरी.

कोणाला औषध देणं किंवा वैद्यकीय काही करणं चालत नाही. वृद्धाश्रमात गप्पा मारायला गेलेल्या मुलीने 'जरा ही गोळी देतेस का' या विनंतीलाही नम्रपणे नकार द्यायचा आणि नर्सला बोलवायचं.

बँकेचे व्यवहार, दागिने, कलावस्तू, जुन्या मौल्यवान वस्तू हाताळणंही यादीत आहे. रोख पैशाच्या बाबतीत बोर्डांचे नियम कमीजास्त कडक असतात, म्हणून कार्यक्रमाच्या तिकीट टेबलावर मुलाला एकट्याला बसवू नका.

वयाच्याही अटी आहेत: 14 वर्षांखालचं मूल कामाच्या जागी मोठ्या माणसाशिवाय चालत नाही, कारखान्यात 15 पूर्ण हवीत आणि खाण किंवा लाकूडतोडीच्या ठिकाणी 16. आठवीनंतरच्या उन्हाळ्यात काम सुरू करणाऱ्या मुलांपैकी काही जण अजून 13 वर्षांचे असतात. त्यांना पहिली अट लागू होते, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आणि न्यायालयाने शिक्षा म्हणून लावलेली सेवा इथे धरत नाहीत.

जागा कशी निवडायची

बारा ठिकाणी तीन-तीन तास करण्यापेक्षा एक किंवा दोन ठिकाणी टिकून राहावं, असं आम्ही ठामपणे सांगतो. पहिल्या दोन पाळ्या नुसत्या शिकण्यात जातात. तिसऱ्या-चौथ्या पाळीपासून मूल खरंच उपयोगी पडतं, तिथली माणसं त्याला नावाने ओळखू लागतात, आणि पुढे नोकरीसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी शिफारस लागते तेव्हा त्याच्याबद्दल दोन खरी वाक्यं लिहू शकेल असा कोणीतरी असतो. नव्या देशात आलेल्या मुलाला याची गरज इथे वाढलेल्या मुलापेक्षा जास्त असते. त्याला इथे काका-मामांचं जाळं नसतं.

फूड बँक ही सुरुवातीला सगळ्यात सोपी जागा. टोरोंटोत डेली ब्रेड फूड बँक मोठी आहे, आणि मिसिसागा, ब्रॅम्प्टनमध्येही फूड बँका आहेत. काम बहुतेक वेळा वर्गवारीचं असतं: डब्यांवरच्या तारखा बघणं, ज्यांच्या जोडावर पोचा आला आहे असे डबे बाजूला काढणं, फाटलेली पाकिटं टाकून देणं, डाळी-कडधान्यं, पास्ता, बाळाचं अन्न असे वेगवेगळे खोके भरणं. पाळी साधारण तीन तासांची धरा. त्या हिशेबाने 40 तासांना 14 पाळ्या लागतात. तीन तास उभं राहावं लागतं. पायात बंद बूट लागतात, सँडल घालून आलेल्या मुलाला दारातूनच परत पाठवतात. प्रत्येक ठिकाणी किमान वय वेगळं असतं आणि लहान मुलांबरोबर पालक हवा असतो, म्हणून नाव नोंदवण्याआधी ते वाचा. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसच्या सुमारास सगळ्यांनाच मदत करायची इच्छा होते आणि पाळ्या झटकन भरतात. फेब्रुवारीत मात्र जागा सहज मिळते, आणि तेव्हा तुमची गरजही त्यांना जास्त असते.

वाचनालयांतलं काम इंग्रजी चांगलं असलेल्या, पण बोलायला थोड्या बुजणाऱ्या मुलांना मानवतं. टोरोंटो पब्लिक लायब्ररीत लहान मुलांना वाचनात मदत करण्याचा कार्यक्रम हायस्कूलच्या स्वयंसेवकांवरच चालतो. एका ठरलेल्या मुलाबरोबर दर आठवड्याला तास-दीड तास बसायचं असतं. तास हळूहळू भरतात, पण मधेच सोडून चालत नाही. समोरचं सात वर्षांचं मूल वाट बघत असतं. परीक्षेच्या आठवड्याचं आधी सांगून ठेवावं.

शहराच्या उन्हाळी शिबिरांत एका आठवड्यात 30 च्या आसपास तास होतात, म्हणून तिथे झुंबड असते. अर्ज हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंतात निघतात, जूनमध्ये विचारायला जाणाऱ्याला जागा उरलेली नसते. इथे एक फरक नीट समजून घ्या. 'लीडर इन ट्रेनिंग' नावाचे कार्यक्रम बहुधा फी घेऊन प्रशिक्षण देतात. त्यातले शिकण्याचे तास धरतात की फक्त प्रत्यक्ष शिबिरात केलेल्या कामाचे, हे शाळेला पैसे भरण्याआधी विचारा.

हॉस्पिटलचं आकर्षण आपल्या घरांत मोठं. ज्यांना पुढे वैद्यकीय क्षेत्रात जायचं आहे त्यांनी जरूर करावं, पण घाईच्या वेळी हा मार्ग नाही. अर्ज, मुलाखत, लसीकरणाची कागदपत्रं, अनेक ठिकाणी क्षयाची तपासणी, वर काही महिने नियमित येण्याची हमी, एवढं सगळं लागतं. भारतातून निघताना मुलाचं लसीकरणाचं कार्ड बरोबर आणलं असेल तर इथे त्याचा उपयोग होतो.

विचारायचं कसं

ईमेल मुलानेच लिहायचं. आईवडिलांच्या नावाने आलेल्या ईमेलचं उत्तर संस्था देतात, पण मुलाविषयीचं मत तिथेच बनून जातं. ईमेल आठ-दहा ओळींचं पुरे. त्यात नाव, इयत्ता, शाळा, वय, कोणत्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत येता येईल, कधीपासून सुरू करता येईल, किती महिने येण्याची तयारी आहे आणि हेच काम का निवडलं याचं एक खरं वाक्य हवं. '40 तास पुरे करायचे आहेत' हे लपवू नका, पण पहिल्या ओळीत त्यानेच सुरुवातही करू नका. 'मी कधीही येऊ शकतो' असं लिहिणाऱ्याला पाळी देणं समन्वयकाला अवघड जातं, 'मंगळवार आणि गुरुवार, 4 ते 7' असं लिहिणाऱ्याला सोपं.

आठवड्यात उत्तर नाही आलं तर फोन करा. अनेक छोट्या संस्थांत समन्वयक अर्धवेळ असतो आणि ईमेल खाली बुडून जातात. एकाच वेळी तीन ठिकाणी विचारायला हरकत नाही, पण दोन ठिकाणांहून होकार आला तर नको असलेल्या जागी त्याच दिवशी कळवा. बिनपगारी कामासाठी सोशल इन्शुरन्स नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) लागत नाही. कोणी तो मागितला तर का हवा आहे ते विचारा.

सुरुवातीआधीची परवानगी आणि नंतरची नोंद

बहुतेक शाळांत दोन कागद असतात, किंवा त्यांच्या जागी ऑनलाइन नोंद. पहिला नियोजित कामाचा: मी अमुक ठिकाणी अमुक काम करणार आहे. दुसरा पूर्ण झालेल्या कामाचा: तारखा, तास, संस्थेचं नाव, देखरेख करणाऱ्याचं नाव, फोन आणि सही. 18 वर्षांखालच्या मुलाच्या कागदावर पालकाचीही सही लागते. बोर्डाच्या मान्य यादीत काम स्पष्ट बसत असेल तर वेगळी परवानगी लागेलच असं नाही. यादीत नसेल किंवा थोडीही शंका असेल, तर काम सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी मान्यता घ्या. गायडन्स काउन्सेलरकडून, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाकडून, त्यांच्यापर्यंत पोचणं सोपं पडतं. काम झाल्यावर मागितलेल्या मान्यतेला नकार आला तर ते तास परत येत नाहीत.

नोंद त्याच दिवशी करायची. एक साधी वही पुरते: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय केलं, तिथे कोण होतं. सही महिन्याला एकदा घ्या, चार वर्षांनी नाही. बहुतेक मुलांची चूक इथेच होते. नववीत ज्या समन्वयकाच्या हाताखाली 18 तास केले, तो बारावीपर्यंत दुसऱ्या शहरात गेलेला असतो, संस्थेचा कार्यक्रम बंद झालेला असतो किंवा जुन्या हजेऱ्या फेकून दिलेल्या असतात. मग केलेल्या कामाचा पुरावाच उरत नाही.

प्रवासाचा वेळ धरत नाहीत. जेवणाची सुट्टी धरतात की नाही हे संस्थेला विचारून तसंच लिहा. 2 तास 40 मिनिटांचे 3 तास करू नका. शाळेतून संस्थेला फोन जाऊ शकतो, आणि आकडे जुळले नाहीत तर सगळाच कागद संशयात पडतो. सही नातेवाइकाची नको. बाबा ज्या संस्थेच्या समितीवर आहेत तिथे मूल काम करत असेल तर सही समितीतल्या दुसऱ्या कोणाची तरी घ्या.

सही झालेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ कागद लगेच शाळेत द्या. दप्तराच्या तळाशी राहिलेले कागद जूनमध्ये सापडत नाहीत.

स्वतःचा छोटा प्रकल्प: इमारतीतला अन्नसंकलनाचा पंधरवडा

कधी कधी जवळपास जागा मिळत नाही, बसने जायला दीड तास लागतो, किंवा मुलाला स्वतः काही उभं करायचं असतं. अशा वेळी कॉन्डो किंवा अपार्टमेंटच्या इमारतीत अन्न गोळा करणं हा पेलण्याजोगा प्रकल्प आहे. हा शाळेच्या पूर्वपरवानगीशिवाय सुरू करू नये, कारण देखरेख करणारा आणि सही देणारा प्रौढ कोण हे आधी ठरावं लागतं. इमारतीचा प्रॉपर्टी मॅनेजर किंवा फूड बँकेचा समन्वयक ही योग्य माणसं.

आधी फूड बँकेला फोन करून विचारा की त्यांना सध्या काय कमी पडतं आहे आणि आणून दिलेला माल ते कुठल्या वारी घेतात. यादीत बहुधा डबाबंद कडधान्यं, मासे, पीनट बटर, तांदूळ, बाळाचं दुधाचं पावडर, डायपर अशा वस्तू असतात. मग मॅनेजरची लेखी परवानगी घ्या: खोका कुठे ठेवायचा, किती दिवस, आणि नोटीस कुठे लावायची. लॉबीत दोन मजबूत खोके पुरतात. ते फार मोठे घेऊ नका, डब्यांनी भरलेला मोठा खोका दोन मुलांनाही उचलत नाही. साधारण 10 ते 12 किलो भरेल इतकाच खोका ठेवा आणि रोज संध्याकाळी रिकामा करा. नोटिसा तीन ठिकाणी: लिफ्टमध्ये, टपालपेट्यांजवळ, कपडे धुण्याच्या खोलीत. नोटिशीत तारखा, वस्तूंची यादी, फूड बँकेचं नाव, आणि 'पैसे घेत नाही' ही ओळ ठळक हवी. रोख पैसे आले की प्रकल्पाची भानगड वाढते. कोणी आग्रह केलाच तर त्यांना फूड बँकेच्या संकेतस्थळावर देणगी द्यायला सांगा.

आपल्या लोकांच्या इमारतीत एक गोष्ट हमखास होते. प्रेमाने घरचा चिवडा, लाडू, सुट्या पिशवीत बांधलेली तूरडाळ खोक्यात येते. घरी केलेलं अन्न आणि लेबल नसलेला सुटा माल फूड बँक घेऊ शकत नाही, कारण त्यात काय आहे आणि केव्हाचं आहे हे सांगता येत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरी ते गेलं तर जिवावर बेतेल. हे नोटिशीत आधीच लिहा. दुकानातली सीलबंद तूरडाळ किंवा तांदूळ मात्र आनंदाने घेतात. मोजमाप घरच्या वजनकाट्यावर करा: मुलाने आधी स्वतःचं वजन करायचं, मग खोका हातात घेऊन.

तासांचा खरा हिशेब असा येतो: फोन आणि परवानग्या 2 तास, नोटिसा करून लावणं 2, चौदा दिवस रोज अर्धा तास खोके रिकामे करणं 7, तारखा तपासून वर्गवारी 4, पोचवणं आणि उतरवणं 1. एकूण 16. दोन मित्रांनी मिळून केलं तर प्रत्येकाला स्वतः केलेल्या कामाचेच तास मिळतात, 16-16 नाही. घरबसल्या केलेलं नियोजन बोर्ड धरतं का, हेही परवानगी घेतानाच विचारून घ्या, कारण तिथे तपासणारं कोणी नसतं.

मंडळ आणि मराठी शाळा

टोरोंटोच्या मराठी भाषिक मंडळासारख्या संस्थांच्या कार्यक्रमांत मुलांना भरपूर काम असतं: खुर्च्या मांडणं, नोंदणीच्या टेबलावर मदत, जेवणाच्या पंगतीत वाढणं, शेवटी सभागृह झाडून देणं. ना-नफा संस्थेसाठी असं काम साधारणपणे धरतात, मात्र धार्मिक विधीशी जोडलेल्या कामाबाबत बोर्डांची भूमिका एकसारखी नसते. म्हणून गणेशोत्सवासाठी विचारताना 'आरतीची तयारी' असं मोघम न लिहिता 'तीनशे लोकांच्या जेवणाची मांडणी आणि आवराआवर, 5 तास' असं नेमकं लिहा. स्टेजवर नाच केला, नाटकात काम केलं, त्याच्या तालमी केल्या, तर त्याचे तास मागू नका. ती स्वतःची हौस झाली. त्याच नाटकाचे पडदे लावले आणि प्रेक्षकांना जागा दाखवल्या, तर ती सेवा.

आमच्या मते मंडळापेक्षाही चांगली जागा म्हणजे रविवारची मराठी शाळा. ज्या मुलाला मराठी वाचता-लिहिता येतं त्याने लहान वर्गात शिक्षकांच्या हाताखाली उभं राहावं. पाच वर्षांच्या मुलांचा हात धरून 'ळ' गिरवून घ्यावा, गोष्ट वाचून दाखवावी. वर्षात 30 रविवार भरले आणि प्रत्येक वेळी दीड तास दिला तर 45 तास होतात, म्हणजे एका वर्षात अट पुरी होऊन वर पाच तास उरतात. नुकतंच महाराष्ट्रातून आलेलं मूल, जे शाळेत इंग्रजीच्या उच्चारावरून गप्प बसतं, इथे सगळ्यात जाणकार असतं. त्याच्यासाठी ही गोष्ट तासांहून मोठी आहे. ते मूल स्वतः त्याच शाळेत क्रेडिटसाठी शिकत असेल तर मात्र शिकवण्याचा भाग त्या अभ्यासक्रमात मोडत नाही ना, हे तपासा.

अकरावी-बारावीत आलेली मुलं

इतर देशांतून मधेच आलेल्या मुलाला किती तास करावे लागतील हे मुख्याध्यापक ठरवतात. नोंदणीच्या दिवशीच हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. भारतात एनएसएस, स्काउट-गाइड किंवा आरएसपी (रोड सेफ्टी पेट्रोल) केलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र दाखवा. नुसतं 'सहभाग घेतला' असं लिहिलेलं असेल तर उपयोग कमी. भारत सोडण्याआधी शाळेच्या किंवा कॉलेजच्या लेटरहेडवर कोणतं काम, कोणत्या तारखांना, किती तास, खाली सही-शिक्का, असं इंग्रजीत घेऊन ठेवा. ते तास मोजावेत असं बंधन मुख्याध्यापकांवर नाही, पण कागद नसेल तर त्यांच्यापुढे विचार करायलाच काही नसतं. उन्हाळ्यात भारतात जाऊन काम करायचा बेत असेल तर तिकिटं काढायच्या आधी बोर्डाची परवानगी घ्या.

ओंटॅरिओतल्या ओंटॅरिओत शाळा बदलली तर तासांची नोंद मुलाच्या दप्तरी रेकॉर्डबरोबर नव्या शाळेत जाते. तरी जुन्या शाळेतून आजवरच्या तासांची छापील प्रत मागून घ्या. कामानिमित्त अमेरिकेत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे प्रत्येक राज्याचं वेगळं. मेरीलँडमध्ये 75 तासांची अट आहे, 1997 ला बाहेर पडलेल्या तुकडीपासून. पण तिथे तयारी, प्रत्यक्ष काम आणि नंतरचं चिंतन असा शिकण्याचा भाग त्यात गुंफलेला असतो, आणि बरेच तास शाळेच्या विषयांतूनच होतात. इथले 40 तिथे तसेच चालतील असं मानू नका.

अपघात आणि सुरक्षितता

स्वयंसेवक मुलाला कामगारांच्या विम्याचं संरक्षण नसतं. बोर्डाचा विमा दायित्वाचा असतो, म्हणजे मुलाच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर. मुलाचा स्वतःचा दात पडला, हात मोडला तर तो खर्च त्यात येत नाही. दर सप्टेंबरमध्ये शाळेतून विद्यार्थी अपघात विम्याचं पत्रक येतं, ते वाचून घ्या. नव्याने आलेल्या ज्या कुटुंबाला नोकरीतून दंतविमा नाही त्यांनी तर नक्कीच.

पहिल्या दिवशी पालकांनी जागा स्वतः पाहावी. कोणत्या प्रौढाच्या देखरेखीखाली काम आहे, आपत्कालीन दार कुठे आहे, परतीची शेवटची बस किती वाजता, हे विचारायला संकोच करू नका. अनोळखी माणसाच्या घरी मुलाने एकट्याने जाऊ नये, काम कितीही चांगलं असलं तरी. आणि मुलाला एक वाक्य आधीच शिकवून ठेवा, इंग्रजीत, दोनदा म्हणवून घेऊन: 'हे काम मला सुरक्षित वाटत नाही, मी दुसरं काही करू का?' मोठ्यांना नाही म्हणायची सवय आपल्या मुलांना नसते. शिडीवर चढायला सांगितलं की ती चढतात.

कागद दिल्यानंतर

कागद दिला म्हणजे नोंद झाली असं नाही. पुढच्या रिपोर्ट कार्डावर किंवा शाळेच्या ऑनलाइन खात्यात तासांचा आकडा वाढला आहे का ते बघा. वाढला नसेल तर फोटो घेऊन त्याच आठवड्यात गायडन्स ऑफिसात जा. 40 पुरे झाल्यावर ट्रान्सक्रिप्टवर (हायस्कूलच्या अधिकृत गुणपत्रकावर) अट पूर्ण झाल्याची नोंद येते, किती तास झाले ते तिथे लिहिलेलं नसतं. म्हणून 40 च्या वर केलेल्या कामाची वही आणि सह्या तशाच चालू ठेवा. वॉटर्लू विद्यापीठाच्या प्रवेशमाहिती फॉर्मसारख्या ठिकाणी वर्गाबाहेर काय केलं हे विचारतात, आणि तिथे भरायला मुलाकडे फक्त ती वही असते.